पैनगंगेपलीकडची इंग्रजी

आदिलाबाद शहरापासून वीस-एकवीस किलोमीटरांवर, पैनगंगेच्या दक्षिणेस जैनथ नावाचे गाव आहे. लक्ष्मीनारायणाच्या प्राचीन मंदिरासाठी ते त्या पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. परमार राजा जगद्देव याच्या काळचा एक संस्कृत शिलालेख या गावी सापडला असून इतिहासाच्या अभ्यासकांस जैनथचे नाव त्यामुळे परिचित आहे. गाव आज तेलंगण राज्यात मोडते. नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा, म्हणजे महाराष्ट्र लागतो. अलीकडे पाट्या तेलुगू लिपीत, पलीकडे देवनागरीत. दोन्ही तीरांवर सारखीच दिसणारी अक्षरे इंग्रजीची. या परिसरातील पुष्कळ घरांतून मराठी बोलली जाते आणि त्या घरांतील मुलांना शाळेत इंग्रजीशी झुंज द्यावी लागते. ही झुंज कशी चालते आणि ती इतकी विषम का, याचा विचार गोव्यातील मराठी वाचकानेही करावा असे आम्हांस वाटते. कारण प्रश्न जैनथचा असला, तरी त्याचे धागे आपल्या अंगणापर्यंत पोहोचतात.

प्रथम थोडा इतिहास पाहू. आदिलाबाद जिल्हा निजामाच्या संस्थानात होता. १९१८ साली हैदराबादेस स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दू हे शिक्षणाचे माध्यम ठरवले आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय ठेवला. घरात मराठी, बाजारात तेलुगू, कचेरीत उर्दू आणि महाविद्यालयात इंग्रजी, अशी चार पदरी भाषिक व्यवस्था त्या काळच्या विद्यार्थ्याच्या वाट्यास आली. १९४८ साली संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत या जिल्ह्याचे किनवट आणि राजुरा हे तालुके तत्कालीन मुंबई राज्यास मिळाले व उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. सीमारेषा कोठे तरी आखावीच लागते. परंतु भाषा सीमारेषेवर थांबत नाही. मराठी बोलणारी कित्येक गावे पैनगंगेच्या दक्षिणेस राहिली. २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य अस्तित्वात आले, तेव्हा राज्याचे नाव बदलले, मुलांच्या तोंडची भाषा बदलली नाही.

आज तेथील मराठी मुलासमोर मराठी, तेलुगू, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषा उभ्या असतात. २०१८ च्या कायद्याने तेलंगणातील शाळांत तेलुगूचे अध्ययन अनिवार्य झाले. राज्याची भाषा राज्यातील मुलाला आली पाहिजे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. हिंदी कानावर पडतेच. राहिली इंग्रजी. ती कानावर पडत नाही, घरात कोणी बोलत नाही, गल्लीत तिची गरज नाही. आणि तरीही दहावीच्या परीक्षेत, नोकरीच्या अर्जात, महाविद्यालयाच्या दारात तीच द्वारपाल होऊन उभी असते.

अक्षर वाचले, अर्थ राहिला

जैनथच्या मंदिरात येणाऱ्या भाविकास तेथील शिलालेख दाखवला, तर तो अक्षरांवरून हात फिरवील, कदाचित एखादे अक्षर ओळखील. पण लेख काय सांगतो ते त्याला कळणार नाही. आपल्या खेड्यापाड्यांतील बहुसंख्य विद्यार्थ्यांची इंग्रजी पाठ्यपुस्तकापुढील अवस्था याहून फार निराळी नाही. मास्तर ओळ वाचतात, वर्ग ती ओळ सुरात म्हणतो. चुणचुणीत मुले छापील इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहून ठेवतात. पुढे इंग्रजी अक्षरांकडे पाहण्याची गरजच उरत नाही. डोळे देवनागरी वाचतात आणि ऐकणाऱ्यास वाटते की मूल इंग्रजी वाचत आहे. प्रश्नांची उत्तरे गाइडात असतात. ती पाठ होतात, उत्तरपत्रिकेत उतरतात आणि परीक्षा संपताच विस्मृतीत जातात.

हा केवळ आमचा ग्रह नव्हे. 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने ग्रामीण भारतात होणाऱ्या 'असर' पाहणीत मुलांना अगदी सोपी इंग्रजी वाक्ये वाचावयास दिली जातात. २००९ साली आठवीतील ६०.२ टक्के मुलांना ती वाचता आली होती. २०१६ साली हे प्रमाण ४५.२ टक्क्यांवर उतरले. पाचवीत तर २०१६ साली चारांतील एकालाच कसेबसे ते साधले. शिवाय ज्यांना वाक्य वाचता आले, त्या सर्वांनाच त्याचा अर्थ सांगता आला असे नाही. मधल्या काळात इंग्रजीचा गजर देशभर वाढत गेला, राज्याराज्यांतून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली, खासगी शाळांच्या गाड्या खेडोपाडी धावू लागल्या. गजर वाढला आणि वाचन घटले, या विसंगतीचा विचार करावयास नको काय?

व्याकरणाची कुऱ्हाड आणि व्याकरणाची किल्ली

इंग्रजी व्याकरण म्हटले की आपल्याकडील विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे नियमांची लांबलचक यादी उभी राहते. नेसफिल्डचे व्याकरण एका पिढीने घोकले. १९३५ साली प्रथम निघालेले रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण पुढच्या पिढ्यांनी घोकले. यांतील रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीस होते, ही गोष्ट आज फार थोड्यांच्या लक्षात असेल. ही पुस्तके वाईट नव्हेत. परंतु ज्याला इंग्रजी आधीपासून थोडीफार येते, त्याची भाषा घासूनपुसून लख्ख करणे हे त्यांचे बळ. ज्याला पहिले वाक्यच जुळवावयाचे आहे, त्याच्या हाती ती दिली तर किल्लीऐवजी कुऱ्हाड दिल्यासारखे होते.

आपल्या पूर्वसूरींना हे उमगले होते. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हा इंग्रजी शिकणाऱ्या मराठी माणसाने आधी आपल्या भाषेची रचना डोळसपणे पाहावी, ही दृष्टी तयार झाली. पुढे तर्खडकरी भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. त्या पाठमालेची थट्टा करण्याची प्रथा पडली आहे. तिच्यातील वाक्ये रुक्ष असतील. पण मराठी वाक्य समोर ठेवून इंग्रजी वाक्य घडवावयाचे, दोन भाषांच्या चालीतील फरक प्रत्येक पाठात पारखावयाचा, ही तिची रीत शहाणपणाची होती.

या रीतीचे मर्म दोन-चार उदाहरणांनी स्पष्ट होईल. मराठी मूल इंग्रजीत हटकून एक चूक करते: 'ही डिड नॉट वेन्ट'. शिक्षक तांबडी शाई ओततो, मूल पुढच्या खेपेस तीच चूक करते. का? मराठीत 'तो गेला' याचा नकार 'तो गेला नाही' असा होतो; 'गेला' हे भूतकाळाचे रूप जसेच्या तसे राहते आणि 'नाही' मागाहून येऊन बसते. इंग्रजीत भूतकाळाचा भार 'डिड' या साहाय्यक क्रियापदाने उचलला की मुख्य क्रियापद मोकळे होते, ते मूळ रूपास परत जाते. एका वाक्यात दोन ठिकाणी भूतकाळ दाखवावयाचा नाही, एवढेच मुलाला फळ्यावर मराठी वाक्य लिहून दाखवले, तर चूक मुळातूनच नाहीशी होईल. नियम पाठ करून ती नाहीशी होत नाही.

दुसरे उदाहरण. 'मी आंबा खाल्ला', 'मी भाकरी खाल्ली', 'मी आंबे खाल्ले'. मराठीत भूतकाळी क्रियापद खाल्लेल्या वस्तूप्रमाणे बदलते, खाणाऱ्याप्रमाणे नव्हे. इंग्रजीत आंबा असो की भाकरी, एक असो की दहा, 'एट' हे एकच रूप पुरते. इंग्रजी अवघड असे ऐकत वाढलेल्या मुलाला, येथे तुझीच भाषा अधिक अवघड आहे आणि ती तू खेळता खेळता जिंकली आहेस, असे सांगितले तर त्याच्या मनातील अर्धी भीती तेथेच ओसरेल.

तिसरे 'अ' आणि 'द' या चिमुकल्या शब्दांचे. मराठीत असे उपपद नाही, म्हणून ते मुलाला कळणार नाही, अशी समजूत आहे. पण आजीची गोष्ट आठवा. 'एका गावात एक शेतकरी होता. तो शेतकरी फार गरीब होता.' पहिल्या वाक्यातला 'एक' आणि दुसऱ्या वाक्यातला 'तो' हे जे काम करतात, जवळजवळ तेच काम इंग्रजीत अनुक्रमे 'अ' आणि 'द' करतात. अनोळखी माणसाची ओळख करून देणे आणि ओळख झालेल्याचा पुन्हा उल्लेख करणे, हा भेद आपल्या मुलाला पाळण्यापासून ठाऊक आहे. त्याला फक्त नाव द्यावयाचे आहे.

जैनथच्या मुलाची तर याहून मोठी पुंजी आहे, ती त्याच्या दोन भाषांची. 'मला ताप आला' हे मराठी. तेलुगूत हेच 'नाकु ज्वरम् वच्चिंदि'. दोन्हींत ताप हा कर्ता आणि माणूस 'ला' प्रत्यय लावून बाजूस उभा. इंग्रजीत मात्र माणूस पुढे येतो आणि ताप त्याच्या मालकीचा होतो. 'मला दोन भाऊ आहेत', 'घराला चार दारे आहेत', 'माझ्याजवळ पैसे आहेत', ही मराठीत तीन तऱ्हांची वाक्ये इंग्रजीत 'हॅव' या एका शब्दावर निभावतात. मराठीत आपण 'आम्ही' आणि 'आपण' असा भेद करतो. तेलुगूतही 'मेमु' आणि 'मनमु' असा तोच भेद आहे. इंग्रजीचा 'वुई' मात्र समोरच्याला आत घेतो की बाहेर ठेवतो हे सांगतच नाही. मराठी आर्य कुळातली, तेलुगू द्राविड कुळातली. तरी शेकडो वर्षांच्या शेजाराने त्यांच्या वाक्यांची ठेवण एकमेकींसारखी झाली आहे. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी १९५६ साली भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे असा सिद्धांत मांडला, तो याच निरीक्षणांच्या आधारे. जो सिद्धांत विद्यापीठात शिकवला जातो, तो जैनथच्या बाजारात भाजी घेणारे मूल रोज जगत असते. शाळा मात्र त्याच्या या ज्ञानाकडे अडथळा म्हणून पाहते.

वाचन आधी

इंग्रजी शिकावयाची म्हणजे बोलावयास शिकावयाची, असा समज हल्ली दृढ झाला आहे. 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी'च्या जाहिराती त्यावरच पोसल्या जातात. या संदर्भात मायकेल वेस्ट या इंग्रज शिक्षणतज्ज्ञाचे स्मरण करणे उचित ठरेल. ढाका येथे अध्यापकांना शिकवीत असता त्यांनी बंगाली मुलांच्या इंग्रजीचा बारकाईने अभ्यास केला आणि १९२६ साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. त्यांचे म्हणणे असे, की अशा मुलाला इंग्रजी बोलण्यापेक्षा वाचता येण्याची गरज अधिक आहे. वाचन तुलनेने लवकर साधते आणि ते एकट्याने वाढवता येते. विम्याच्या व्यवहारातील एक शब्द त्यांनी शिक्षणात आणला: 'सरेंडर व्हॅल्यू'. विम्याचे हप्ते मध्येच थांबले तर हाती काय उरते? तसेच शाळा मध्येच सुटली तर मुलाच्या हाती काय उरते? व्याकरणाचे अर्धवट नियम उरले तर त्यांचे मोल शून्य. पण सोपे पान वाचून समजण्याची शक्ती आली असेल, तर आठवीत शाळा सुटलेल्या मुलाचीही ती जन्मभराची मिळकत होते.

कापसाच्या या मुलखात हा विचार फार मोलाचा आहे. येथील सर्वच मुले पदवीपर्यंत जाणार नाहीत. बियाण्याच्या पाकिटावरील, औषधाच्या बाटलीवरील, बँकेच्या कागदावरील मजकूर ज्याला समजतो, तो फसवला जात नाही. ज्याला तो समजत नाही, त्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. इंग्रजी वाचनाचा संबंध प्रतिष्ठेशी जोडला जातो. तो प्रथम सुरक्षिततेशी जोडावयास हवा.

हे वाचन साधावे कसे? वेस्ट यांच्याच नावाने १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या शब्दसूचीत सुमारे दोन हजार शब्द आहेत. सामान्य इंग्रजी मजकुराचा फार मोठा भाग तेवढ्या शब्दांनी व्यापलेला असतो. यांतील काही शब्द आणि त्यांखेरीज टेबल, स्टेशन, तिकीट, डॉक्टर, बँक यांसारखे कितीतरी शब्द मराठी मुलाच्या तोंडी आधीच आहेत. रोज पाच नवे शब्द, तेही वाक्यासह, धरले तरी चारशे दिवसांचे हे काम आहे. मात्र शब्द सुटे पाठ करू नयेत. छोटी, एका पानाची गोष्ट घ्यावी. आधी तिच्याविषयी एक प्रश्न मराठीत विचारावा. मग मुलाने ती मनातल्या मनात वाचून उत्तर शोधावे. उत्तर मराठीत दिले तरी चालेल, कारण पारखावयाचे आहे ते समजणे. प्रत्येक अनोळखी शब्दाशी थांबून कोश उघडण्याची सवय घातक होय. आगच्या-मागच्या वाक्यांवरून अर्थाचा अदमास बांधावयास शिकवले पाहिजे. पेन्सिलीने देवनागरी उच्चार लिहिण्याची मुभा आरंभीचे काही आठवडे असावी, पुढे ती कुबडी काढून घ्यावी. इंग्रजीची सव्वीस अक्षरे चाळीसहून अधिक ध्वनींचा भार वाहतात. देवनागरीसारखे अक्षर तसा उच्चार हे तत्त्व तेथे नाही. ही गोष्ट मुलास पहिल्याच आठवड्यात मोकळेपणाने सांगावी, म्हणजे आपली बुद्धी कमी पडते असे त्याला वाटणार नाही. दोष लिपीचा आहे, त्याचा नव्हे.

अशा अध्यापनासाठी शिक्षक तयार हवा. जैनथपासून सुमारे तीनशे किलोमीटरांवर असलेल्या हैदराबादेत १९५८ साली इंग्रजी अध्यापनाची मध्यवर्ती संस्था स्थापन झाली. २००७ पासून ती केंद्रीय विद्यापीठ आहे. परदेशांतूनही तेथे विद्यार्थी येतात. एवढे ज्ञानपीठ ज्या राज्यात आहे, त्या राज्याच्या उत्तर टोकावरील शाळेत इंग्रजीचा तास सुरात ओळी म्हणण्यात सरावा, याला दिव्याखालचा अंधार म्हणावयाचे नाही तर काय म्हणावयाचे?

शेजारच्या पानावर कोणती भाषा?

२०२२-२३ या शैक्षणिक वर्षापासून तेलंगण सरकारने आपल्या शाळांतून पहिली ते आठवीपर्यंत इंग्रजी माध्यम आणले आणि त्यासोबत द्विभाषी पाठ्यपुस्तकांची कल्पना राबवली: एका पानावर तेलुगू, समोरच्या पानावर इंग्रजी. कल्पना स्तुत्य आहे. अनोळखी भाषेच्या शेजारी ओळखीची भाषा ठेवावी, हे तत्त्व आम्ही वर सांगितलेल्या तर्खडकरी रीतीचेच नवे रूप आहे. पण या तत्त्वाची कसोटी सीमेवर लागते. समोरच्या पानावरील भाषा मुलाच्या घरची असेल तरच ते पान पूल होते; नाही तर मूल दोन भिंतींमध्ये उभे राहते. मराठी मुलाच्या पुस्तकात ते पान मराठीत असले पाहिजे. ही काही कोणाच्या मेहरबानीची मागणी नव्हे. राज्य पुनर्रचनेच्या वेळी, १९५६ साली, राज्यघटनेत ३५० अ हे कलम घालण्यात आले ते भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय मिळावी यासाठीच.

आणि या जिल्ह्याला हा विचार नवाही नाही. १९४३ साली तत्कालीन आदिलाबाद जिल्ह्यातील मारलवाई येथे मानवशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या प्रेरणेने गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. गोंडी भाषेची पहिली वाचनपुस्तके तेथे देवनागरी लिपीत तयार झाली. आधी मूल आपल्या बोलीत वाचावयास शिकेल, मग राज्यकारभाराच्या भाषेकडे वळेल, असा तो क्रम होता. त्याच सुमारास निजामाच्या सेवेतील मराठी अधिकारी आणि पुढे ख्यातकीर्त झालेले इतिहासकार सेतुमाधवराव पगडी यांनी या भागात राहून गोंडी आत्मसात केली, गोंडी आणि कोलामी यांची व्याकरणे सिद्ध केली. दुसऱ्याला आपली भाषा शिकवण्याआधी त्याची भाषा आपण शिकावी, हा त्यांचा धडा होता. आज इंग्रजी शिकवणाऱ्याने तो गिरवावयास हवा.

आता आपल्याविषयी. गोमंतकाने हा अनुभव घेतलेला आहे. पोर्तुगीज अमदानीत गावच्या शाळेत मराठी, सरकारी इस्कोलात आणि लिसेवात पोर्तुगीज आणि पोटापाण्यासाठी इंग्रजी, अशी त्रिस्थळी यात्रा आपल्या वाडवडिलांनी केली. इंग्रजीसाठी बेळगाव, धारवाड, मुंबई गाठणाऱ्यांची संख्या लहान नव्हती. त्यांतील पुष्कळांची इंग्रजी उत्तम होती आणि तिचा पाया मराठी शाळेत पक्का झालेला होता. मुक्तीनंतर खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. पुढे माध्यमाचा वाद पेटला आणि २०११ साली इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना अनुदान देण्याचा निर्णय झाला, तेव्हापासून तो धुमसतच आहे. या वादात दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले गेले. एका प्रश्नाला मात्र कोणी फारसे हात घातला नाही. मराठी शाळेत इंग्रजी हा विषय आपण किती चांगला शिकवतो? पालक मराठी शाळेकडे पाठ फिरवतो तो मराठीच्या द्वेषाने नव्हे, आपल्या मुलाला इंग्रजी येणार नाही या धास्तीने. ती धास्ती व्याख्यानांनी जाणार नाही. मराठी शाळेतील पाचवीच्या मुलाने एक अनोळखी इंग्रजी पान वाचून त्याचा अर्थ मराठीत सांगितला, की ती आपोआप जाईल.

म्हणून आमचे सांगणे थोडक्यात असे. इंग्रजीशी वैर नको आणि तिची पूजाही नको. तिचे व्याकरण मराठीच्या आरशात दाखवावे, तिचे वाचन अर्थासकट व्हावे आणि तिच्या शिक्षकाला मुलाची भाषा यावी. मराठीचे मोठे कैवारी म्हणवणाऱ्या संस्थांनी सभा-संमेलनांच्या खर्चातील एखादा वाटा सीमेवरील शाळांसाठी मराठी-इंग्रजी द्विभाषी वाचनपुस्तके छापण्यास दिला, तर ती पुस्तके जैनथला जशी उपयोगी पडतील तशी पेडणे, सत्तरी आणि काणकोणच्या शाळांनाही पडतील. सीमेवरचे मराठी मूल इंग्रजी शिकण्यासाठी आपली भाषा टाकून देईल की आपल्या भाषेच्या बळावर इंग्रजी शिकेल, हे ठरण्याचा हा काळ आहे. ते ठरवण्याचे काम त्या मुलावर सोपवून आपण स्वस्थ बसणे योग्य होणार नाही.